आपण कुठवर आलो होतो?

आईने तिसरी हाक मारली तेव्हा वरून पुतण्याचं उत्तर आलं, “आजी, हे पॉज होत नाही गं!”

आईने वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पॉज होत नाही म्हणजे? तुझं तर व्हायचं.”

माझं व्हायचं, खरं आहे. पुतण्याची बाजू घ्यावी असं मनात होतं, पण आईला नेमकं काय सांगावं ते सुचेना. पुतण्या चौदा वर्षांचा आहे, व्हॅलोरंट नावाचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतो. पाच जणांविरुद्ध पाच जण, आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ जिंकला. एक मॅच अर्धा-पाऊण तास चालते. मध्येच कुणी उठलं तर मागे चारच उरतात, आणि पुन्हा पुन्हा असं केलं तर गेमच काही काळ खेळू देत नाही. त्यामुळे आईला जो उद्धटपणा वाटतो, तो मला वाटत नाही. त्याने चौघांना शब्द दिलेला असतो. त्यातले दोघं कोण, कुठल्या गावचे, हे त्यालाही ठाऊक नसतं, तरी तो शब्द पाळतो. मला त्याचं कौतुक वाटतं.

पण आईचं ते “तुझं तर व्हायचं” रात्री झोपेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्करात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी जिथे पडली तिथेच पुढे शहर वसलं आणि नाव लष्करच राहिलं. २००३ साली घरात कॉम्प्युटर आला तो माजघरात ठेवावा लागला, कारण इन्व्हर्टरची लाइन तेवढ्या एकाच भिंतीवर होती, आणि त्या दिवसांत लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. माजघर आजीचं. तिचा पलंग, तिची पोथी, सुपात धान्य घेऊन निवडत बसणं, सगळं तिथेच. मी काय खेळतो हे तिला दिसणारच होतं. मला वेगळी खोली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आतेभावाने दिल्लीहून हाफ-लाइफची सीडी आणली. गेम १९९८चा, आमच्याकडे पाच वर्षांनी पोचला. सुरुवातीला एक ट्रॉली जमिनीखालच्या बोगद्यांतून तुम्हाला कामावर घेऊन जाते. तुम्ही गॉर्डन फ्रीमन, शास्त्रज्ञ, ब्लॅक मेसा नावाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. काही मिनिटं नुसता प्रवास, हातात बंदूकसुद्धा नाही. खिडकीतून यंत्रं दिसतात, माणसं दिसतात, स्पीकरवरून बाईचा आवाज सूचना देत राहतो. मला घाई झाली होती. आजी मटार सोलत बसली होती. थंडीचे दिवस, समोर परात, मांडीवर शेंगांचा ढीग. ती म्हणाली, “कामावर चाललाय होय हा.” मी हो म्हटलं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर काचेपलीकडे एक कोटवाला माणूस कुणाशी तरी वाद घालताना दिसतो. मी पुढे निघालो तर आजी म्हणाली, “थांब. हा मघाशी दुसऱ्या गाडीत होता.”

मी पाहिलाच नव्हता. दुसऱ्यांदा गेम सुरू करून बघितलं तर खरंच, बोगद्यात शेजारच्या ट्रॉलीत ब्रीफकेस घेऊन तोच उभा. खेळणाऱ्याचं लक्ष कुठे बंदूक मिळेल इकडे असतं. बघणाऱ्याचं सगळीकडे असतं. पुढे तो माणूस लांबच्या गच्चीवर, बंद काचेआड असा अधूनमधून दिसत राहिला, आणि दर वेळी आजीलाच आधी दिसला. तिने त्याला नारद म्हणायला सुरुवात केली. “आला बघ कळीचा नारद. आता काहीतरी होणार.” आणि व्हायचंच.

आजी ढोलीबुवांच्या मठातल्या हरिकथा ऐकत वाढलेली. ग्वाल्हेरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही आमच्याकडची कथेची जुनी गादी. तानसेन समारोहाची सुरुवात आजही शहनाई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद यांनीच होते. त्यामुळे गोष्ट कशी ऐकायची हे आजीला पक्कं माहीत होतं. पूर्वरंगात बुवा जे सहज बोलून जातात ते उत्तररंगात आख्यानात परत येतं, म्हणून कान उघडे ठेवायचे. हाफ-लाइफ बनवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं. व्हॉल्व्ह कंपनीने हा गेम लिहायला मार्क लेडलॉ यांना घेतलं, ते आधीपासून कादंबरीकार. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की मध्येच गेम थांबवून सिनेमा दाखवायचा नाही. जे घडेल ते तुमच्या डोळ्यांदेखत घडेल, मान तुम्हीच वळवायची, आणि फ्रीमन एक शब्द बोलणार नाही. नायक बोलत नसल्यामुळे त्याच्या वतीने बोलायचं काम आमच्या घरात आजीकडे आलं.

एक पहारेकरी असतो. बटण दाबलं की तो सोबत चालू लागतो, तुमच्यासाठी गोळ्या झेलतो. पण शिडी आली की तो खालीच थांबतो, त्याला चढता येत नाही. मी वर गेलो, आजी म्हणाली, “आणि तो?” मी म्हटलं, “त्याला नाही येता येत.” तिने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. नंतर एकदा पहारेकरी माझ्या चुकीने मेला, तेव्हा तिने मला मागे जायला लावलं. मागे जायचं म्हणजे शेवटच्या सेव्हवर. इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागायचा आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून मला दर दोन मिनिटांनी सेव्ह करायला एफ-६ दाबायची सवय लागली होती. आजीने त्याला नाव दिलं, खूण घालणं. पोथीत मोरपीस घालतात तसं. जेवायला हाक आली की ती आधी विचारायची, “खूण घातलीस?” आणि स्क्रीनवर ‘लोडिंग’ असं उमटलं की म्हणायची, बुवा दम घेतायत.

मग ते सैनिक आले. सगळे शास्त्रज्ञ म्हणत असतात की आता फौज येईल, आपली सुटका होईल. फौज येते. एक शास्त्रज्ञ आनंदाने धावत त्यांच्याकडे जातो आणि ते त्याला गोळी घालतात. माझ्या हातून माऊस सुटला नाही, मी लढायला लागलो. आजी मात्र उठून देवघरात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो तर परात घेऊन ती तयार.

“बस. आपण कुठवर आलो होतो?”

हे वाक्य तिने पुढची कित्येक वर्षं म्हटलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्याच वर्षी जयेंद्रगंजातल्या एका कॅफेत मी काउंटर-स्ट्राइक, म्हणजे दोन संघांचा गोळीबाराचा गेम, खेळायला लागलो. तासाला वीस रुपये, दहा कॉम्प्युटर, सगळे एकमेकांना वायरने जोडलेले, आणि मे महिन्यात कूलरसमोरची जागा मिळवण्यासाठी भांडणं. डस्ट-टू नावाचा नकाशा मला आजही डोळे मिटून काढता येईल. त्यातलं सुख खरं होतं. सहा जण हरल्यासारखे मागे खुर्चीला टेकलेले, आपला एकच गडी जिवंत, समोर तिघं, आणि सगळा कॅफे त्याच्या खुर्चीमागे श्वास धरून उभा. असा क्षण कोणत्याही लेखकाला लिहून देता येत नाही. तो त्याच दुपारी त्याच दहा जणांत जन्मतो.

काउंटर-स्ट्राइक मुळात हाफ-लाइफचाच अवतार आहे हे मला कॅफेत कळलं. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी हाफ-लाइफमध्ये बदल करून १९९९मध्ये तो बनवला, नंतर व्हॉल्व्हने तो स्वतःकडे घेतला. गोष्ट सांगण्यासाठी बांधलेल्या घरातच कबड्डीचं मैदान आखलं गेलं. त्याआधी १९९३च्या डूम या गेममध्येही दोन्ही वाटा एकत्र होत्या. एकट्याने खेळायचे टप्पे होते आणि नेटवर्कवरून चौघांनी एकमेकांना मारायचा डेथमॅचही होता. डूमसाठी, तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीतल्या टॉम हॉल यांनी जग, पात्रं, कथानक यांचं मोठं टिपण लिहिलं होतं. कंपनीचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांना कथा हवीच होती असं नाही, त्यांना वेग हवा होता. टिपण बाजूला पडलं आणि हॉल कंपनी सोडून गेले. सहा वर्षांनी त्याच कंपनीचा क्वेक थ्री अरीना आला, त्यात गोष्ट जवळजवळ उरलीच नव्हती. म्हणजे गोष्ट की स्पर्धा हे भांडण अशा गेमच्या जन्मापासूनचं आहे.

पण कॅफेतून घरी आल्यावर आजी विचारायची, “आज काय झालं?” आणि मला सांगता यायचं नाही. मी म्हणायचो, “आम्ही जिंकलो.” ती म्हणायची, “बरं झालं.” संपलं. कुणी कुठून आलं, कसं मारलं, हे तिथे असलेल्या दहा जणांनाच कळणार.

या खेळांत सगळं पात्राच्याच डोळ्यांतून दिसतं, म्हणून त्यांना फर्स्ट पर्सन म्हणतात, म्हणजे आपल्या व्याकरणातला प्रथमपुरुष. आमच्याकडे गल्लीत सगळे हिंदी बोलतात. मित्रांत ‘हम जीत गए’ म्हटलं की भागतं, ‘हम’मध्ये ऐकणारा आहे की नाही हे सांगावं लागत नाही. घरात मराठीत शिरलं की निवड करावी लागते. ‘आम्ही’ म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहिला, ‘आपण’ म्हटलं तर आत आला. कॅफेतून मी ‘आम्ही’ घेऊन यायचो. आणि एकट्याने खेळायचा म्हणून ज्या खेळाला सगळे एकलकोंडा म्हणतात, त्याबद्दल माउसला हातही न लावणारी आजी विचारायची, आपण कुठवर आलो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मनापासून म्हणतो. सिंगल प्लेअर गेम एकटेपणाचा असतो ही समजूत चुकीची आहे. खेळणारा एक असतो, पण शेजारी पाट टाकून बसायला जागा असते. गोष्ट थांबते, विचारू देते, मागे जाते. मल्टिप्लेअरमध्ये माणसं कितीतरी जास्त, पण कानांवर हेडफोन, आणि शेजारी बसणाऱ्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो, जिंकलात का?

कॉल ऑफ ड्यूटी मालिकेतला २००७ सालचा मॉडर्न वॉरफेअर मी वर्षभराने खेळलो. त्यात हेलिकॉप्टरमधून निघून चाललेलं असताना अणुस्फोट होतो, हेलिकॉप्टर पडतं, आणि तुम्ही जळक्या शहरात रांगत बाहेर येता. मारायला कुणी नाही, पळायला जागा नाही. काही पावलांनंतर तुम्ही मरता. प्रथमपुरुषात मरता, हे महत्त्वाचं. आजी म्हणाली, “तुला काहीच करता येईना?” मी म्हटलं, “नाही.” ती बराच वेळ गप्प होती. गंमत अशी की त्याच डिस्कवर जो मल्टिप्लेअर होता, ज्यात खेळत गेलं की नव्या बंदुका, नव्या खुबी उघडत जातात, त्याने पुढच्या सगळ्या धंद्याची दिशा ठरवली. गोष्ट सहा-सात तासांत संपते आणि ती बनवायला अफाट पैसा लागतो. मल्टिप्लेअर खेळणारा वर्षानुवर्षं परत येतो आणि नव्या पोशाखांसाठी, बंदुकीच्या नव्या रंगासाठी पुन्हा पुन्हा पैसे देतो. कंपन्यांचा हिशेब मला समजतो. २०१८च्या कॉल ऑफ ड्यूटीमधून, ब्लॅक ऑप्स फोरमधून, नेहमीची कथा काढूनच टाकली होती. पुढच्या वर्षी ती परत आणावी लागली, याचा मला झालेला आनंद लहान नव्हता.

टायटनफॉल या गेमचं उलटं झालं. २०१४चा पहिला भाग फक्त मल्टिप्लेअर. दुसऱ्यात, २०१६मध्ये, त्यांनी कथा घातली. एक सैनिक आणि त्याचा प्रचंड यंत्रमानव. त्यात एक टप्पा आहे जिथे बटण दाबलं की तुम्ही त्याच इमारतीच्या भूतकाळात जाता, पुन्हा दाबलं की वर्तमानात. आग लागलेला, कोसळलेला दालनमार्ग एका क्षणात झगझगीत आणि माणसांनी भरलेला होतो. मी तो तीनदा खेळलो. पण गेम बाजारात आला तो दोन धिप्पाड स्पर्धकांच्या मध्ये, एक आठवडाभर आधी आलेला बॅटलफील्ड वन आणि आठवडाभरानंतरचा कॉल ऑफ ड्यूटी, आणि त्यांच्या गर्दीत तो दबला. तरी आज ती सीडी लावली की यंत्रमानव तुमची वाट बघत उभा असतो. गोष्ट तिथेच असते.

मल्टिप्लेअरची मैफल तशी राहत नाही. हेलो टू हा गेम ऑनलाइन खेळणाऱ्यांची हकीकत मला फार लागते. एप्रिल २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सबॉक्स या गेम-कन्सोलची ऑनलाइन सेवा बंद केली. पण ज्यांनी आपलं यंत्र बंद केलंच नाही, जे आधीपासून आत होते, ते आतच राहिले. काही मोजके जण दिवसेंदिवस टीव्ही, कन्सोल चालू ठेवून खेळत राहिले. कुणाचं यंत्र तापून बंद पडलं, कुणाची जोडणी तुटली, आणि मे महिन्यात शेवटचा माणूसही बाहेर फेकला गेला. गाणं संपलंय, सतरंज्या गोळा होतायत, आणि चार जण तानपुऱ्याजवळून उठायला तयार नाहीत. मल्टिप्लेअरवर माणसं किती जीव लावतात ते यात दिसतं, आणि तो जीव किती अधांतरी असतो तेही. सोनीचा कॉन्कॉर्ड हा मल्टिप्लेअर गेम तर ऑगस्ट २०२४मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. कित्येक वर्षं खपून बनवलेला खेळ, आज तो कुणालाच खेळता येत नाही. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा शेजारचा मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. मोठ्यांना वाटलं, खेळाचं व्यसन. तो मला म्हणाला, “काका, गेमचं नाही वाटत, त्यातल्या तिघांचा नंबर नाहीये माझ्याकडे.”

गोष्टही दगा देते, तेही सांगायला हवं. हाफ-लाइफ टू आणि त्यानंतरचे दोन भाग मी आजीसोबतच संपवले. २००७च्या एपिसोड टूच्या शेवटी फ्रीमनच्या सोबतिणीच्या, अ‍ॅलिक्सच्या वडिलांना तिच्यासमोर मारतात. ती त्यांच्या अंगावर पडून रडते, पडदा काळा होतो. आजी म्हणाली, “आणि पुढे?” मी म्हटलं, पुढचा भाग यायचाय. तिला ते पटलं नाही. बापाला मारून आख्यान तिथेच सोडायचं, आरती नाही, काही नाही, असा बुवा तिने पाहिला नव्हता. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारायची, आलं का पुढचं? मग ऐकू कमी येऊ लागलं तरी विचारायची. २०११मध्ये ती गेली. पुढचा भाग आला नव्हता, अजूनही आलेला नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये, व्हॉल्व्ह सोडल्यानंतर, लेडलॉ यांनी नावं बदलून एक पत्र प्रसिद्ध केलं. त्यात, गोष्ट पुढे गेली असती तर काय झालं असतं, ते होतं. मी ते रात्री अकरा वाजता माजघरात वाचलं. इन्व्हर्टरची ती भिंत अजून तीच आहे. वाचून झाल्यावर कुणाला तरी सांगावं म्हणून मी मान वळवली, पलंगाकडे. नारदाने त्यातही शेवटी यायचं ते येऊन अ‍ॅलिक्सला सोबत नेलं होतं. आजीने ते आधीच ओळखलं असतं.

परवा पुतण्या खाली आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. पोळ्या गार, आई गप्प. तो मात्र पेटलेला होता, एकटा उरून तिघांना मारलं म्हणत होता. आई म्हणाली, “जेव.” मी विचारलं, “कसं मारलंस?” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मी खरंच विचारतोय का ते बघत असावा. मग त्याने आमटीची वाटी ताटाच्या मधोमध सरकवली.

“ही भिंत. मीठ म्हणजे स्पाइक, तो फुटायला थोडेच सेकंद आहेत. आणि समजा, आपण इथे आहोत.” लिंबाची फोड त्याने वाटीमागे ठेवली.

आई तुपाचा चमचा हातात धरून वाकली. “आणि ते तिघं?”

त्याने चिवड्याच्या डब्यातून शेंगदाणे काढले. एक वाटीच्या डावीकडे ठेवला, एक पोळीच्या घडीवर. तिसरा मुठीतच ठेवला.

“तिसरा कुठे आहे ते आपल्याला माहीतच नाही.”

आईने पाट ओढला आणि बसली.